शिवानीचं राज्य

१

कलेक्टरांनी शाळांना सुट्टी दिल्याचा मेसेज सकाळीच ग्रुपवर आला. सबंध जिल्ह्यात त्या पावसावर खूश झालेली आमची शिवानी बहुधा एकटीच असावी. तेरणेला पूर होता, तेरचा रस्ता बंद होता आणि कुठली एसटी कुठवर जाणार हे डेपोतल्यांनाही सांगता येत नव्हतं. आम्ही धाराशिवात सांजा रोडला राहतो, एका इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथं पुराचं भय नाही, पण गच्ची गळते. बाल्कनीच्या दारावर धार लागते आणि खाली बादली ठेवावी लागते. बिल्डरला सांगून सांगून माझा घसा बसला, गच्ची काही सुधारली नाही.

घरात माणसं चार. मी महेश्वरी, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. पोरं मागून मला खडूस म्हणतात आणि मला ते चालतं. माझा नवरा नंदीश, त्याचं बाजारात पाइप-फिटिंगचं दुकान आहे. त्या दिवशी दुकानासमोर गुडघाभर पाणी होतं म्हणून तो घरी होता. सासरे महालिंगप्पा, ज्यांना मी मामा म्हणते, नंदीश अप्पा आणि शिवानी अज्जा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुरुमहून आलेले. डोळ्यांवर काळा चष्मा, हॉलमध्ये खुर्ची, आणि थोड्या थोड्या वेळानं डोळ्यांत थेंब. आणि शिवानी, तिसरीतली. खेळाच्या नियमांना भलतीच पक्की. कुणाला लबाडी करू देणार नाही, स्वतःही करणार नाही. हा गुण तिच्यात आईचा आलाय असं सगळे म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

लाइट पहाटेच गेली होती. दुपारपर्यंत इन्व्हर्टरनं मान टाकली, मग मोबाइलही एकेक करून बंद पडले. मी चुरमुरे भिजवून, भरपूर शेंगदाणे घालून सुशीला केला, तो लगेच संपला. कॅरम काढला तर दमट हवेनं बोर्ड इतका फुगलेला की स्ट्रायकर मध्येच रुसून बसायचा. मग पत्ते झाले. बदाम सातमध्ये नंदीशनं नेहमीप्रमाणे पानं दाबून ठेवली आणि शिवानीनं त्याला नेहमीप्रमाणे झापलं.

"तुझा बाप ल्हानपणापासनं लबाड हाय," मामांनी काळ्या चष्म्याआडून निकाल दिला. "म्या सांगतो."

पत्ते आवरता आवरता शिवानी म्हणाली, "आता लपाछपी."

"एवढ्याशा घरात?" मी म्हणाले.

"घर एवढंसं असलं म्हणून काय झालं? अंधार किती पडलाय बघ की."

अंधार होता खरा. घड्याळात तीन वाजत होते आणि घरात दिवेलागणीसारखं झालं होतं.

२

आमच्या हॉलमधून आत गेलं की एक पॅसेज लागतो. डाव्या हाताला स्वयंपाकघर आणि बाथरूम, उजव्या हाताला दोन खोल्या, शेवटी कॅलेंडर टांगलेली भिंत. पॅसेजला खिडकी नाही, त्यामुळे भर उन्हाळ्यातही तिथं दिवा लावावा लागतो. आम्ही तिघं तिथं सुटायला उभे राहिलो. मामा खेळात नव्हते.

सुटणं सगळ्यांना माहीत असतं. तिघांनी एकदम हात टाकायचे, कुणी उताणा, कुणी पालथा. ज्याचा वेगळा पडला तो सुटला. मग उरतात दोघं, आणि दोघांतला वेगळा कोण हे ठरत नाही. म्हणून जो सुटलाय त्यानं मध्ये आपला हात द्यायचा. त्या हातावर ठरतं. शेवटी राहतो त्याच्यावर राज्य.

पहिल्या फटक्यात नंदीश सुटला. तेवढ्यात बाल्कनीतली बादली भरून वाहायला लागल्याचा आवाज आला आणि तो तिकडे पळाला. मी आणि शिवानी हात मागे घेऊन उभ्या. मला धीर धरता येत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"अहो, या की," मी हाक मारली. तो येईना. "कुणीतरी मध्ये हात द्या रे, आम्ही काय रात्रीपर्यंत उभं राहायचं?"

तसा माझ्या बाजूनं हात आला. आम्ही तिघांनी टाकले. माझा उताणा, शिवानीचा पालथा, तो पालथा. मी सुटले.

हात ओला होता. बोटं धुणं धुतल्यावर होतात तशी सुरकुतलेली, पांढरट. बादली उपसून आलाय, मी मनात म्हणाले, हात पुसायचं कधी सुचणार याला. मी वर बघितलंच नाही. सुटताना माणूस हाताकडं बघतो, तोंडाकडं कोण बघतं?

"माझ्यावर राज्य," शिवानी म्हणाली, आणि कॅलेंडरच्या भिंतीकडं तोंड करून तिनं डोळे झाकले.

३

आमच्याकडं नुसतं सापडून भागत नाही. ज्याच्यावर राज्य आहे त्यानं नाव घेऊन, जागा सांगून 'इस्टॉप' म्हणायचं. नाव चुकलं तर अंडं फुटतं आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच. आणि लपलेल्यानं गुपचूप मागून येऊन पाठीत धप्पा दिला, तरीही राज्य पुन्हा त्याच्यावरच. म्हणून तर पोरं एकमेकांचे शर्ट बदलून लपतात.

"पाच, दहा, पंधरा, वीस," शिवानी मोजत होती. मोजून झाल्यावर तिनं विचारलं, "येऊ का?"

"ये," मी खोलीच्या दारामागून म्हणाले. "ये," हॉलमधून नंदीश म्हणाला.

नंदीशनं मामांची टोपी घातली होती आणि त्यांचं उपरणं अंगावर घेऊन तो हॉलच्या पडद्यामागं उभा होता. टोपीचं टोक मुद्दाम बाहेर काढलेलं. शिवानी म्हणेल 'अज्जा' आणि फुटेल अंडं, असा त्याचा डाव. शिवानी पडद्यापाशी गेली, खाली वाकली आणि म्हणाली, "पप्पा, पडद्यामागं, इस्टॉप. अज्जांचे पाय इतके काळे न्हाईत."

मामा खुर्चीत खदखदून हसले.

मग तिनं मलाही धरलं. आम्ही दोघं पॅसेजच्या तोंडाशी आलो आणि ती पॅसेजमध्ये आमच्याकडं तोंड करून उभी राहिली. पहिल्यांदा पप्पा सापडले, म्हणून राज्य पप्पांवर, असं ती बोटं नाचवून सांगत होती. तेवढ्यात तिच्या पाठीत थाप बसली.

थाप बसलेली मी ऐकली. शिवानी एक पाऊल पुढं ढकलली गेली. ती चटकन वळली. मागं पॅसेज होता, कॅलेंडर होतं.

"कुणी दिला धप्पा?" ती म्हणाली. मग माझ्याकडं बघितलं, नंदीशकडं बघितलं. आम्ही दोघं तिच्या समोर उभे होतो.

"अगं, पाय घसरला असंल तुझा," नंदीश म्हणाला. "फरशी बघ कशी झालीय."

फरशी ओली होती हे खरं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. फ्रॉक मधोमध भिजलेला होता.

"पप्पांवर न्हाय," शिवानी गंभीरपणे म्हणाली. "धप्पा बसला. राज्य माझ्यावरच."

४

मी तर्कानं चालणारी बाई आहे. गच्ची गळते, म्हणजे पॅसेजच्या छतातूनही पाणी टपकू शकतं. थंड पाण्याचा मोठा थेंब पाठीवर पडला तर लहान पोर दचकतं, पुढं जातं. आवाजही येतो. मी वर बघितलं. छत कोरडं होतं, पण अंधारात छत कोरडंच दिसतं. मी स्वतःला एवढं समजावलं आणि पुन्हा दारामागं जाऊन लपले. पोरीचा हिरमोड कशाला करायचा?

या वेळी नंदीश बाथरूममध्ये लपला. शिवानीनं मोजलं आणि विचारलं, "येऊ का?"

"ये," मी म्हणाले.

"ये," बाथरूममधून नंदीश.

"थांब," कुणीतरी म्हणालं.

शिवानी थांबली. मामा मजा करतायत, मला वाटलं. आवाज मोठा नव्हता, आणि पावसात कुठून आला ते कळत नव्हतं.

"येऊ का?"

"थांब."

ती परत थांबली. परत विचारलं. परत तेच. दारामागं उभं राहून माझ्या पायाला मुंग्या यायला लागल्या. शेवटी मी डोकं बाहेर काढून बघितलं. शिवानी कपाळ भिंतीला टेकवून उभी होती, हातांनी डोळे घट्ट झाकलेले.

"अगं, किती वेळ?" मी म्हणाले.

"थांब म्हणतंय ना कुणीतरी," ती डोळे न उघडता म्हणाली. "सगळ्यांनी ये म्हटल्याशिवाय जायचं नसतं."

"मामा, पोरीला का छळताय?" मी हॉलकडं ओरडले.

"म्या काय केलं आता?" मामांचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते. मघाचा तो नव्हता.

तिनं त्याही वेळी आम्हा दोघांना धरलं. आणि बाथरूमच्या दाराशी, आम्ही दोघं समोर असताना, तिला दुसरा धप्पा बसला. या वेळी ती वळली नाही. ओठ घट्ट दाबून माझ्याकडं बघत राहिली. मला भीती वाटली ती तिथं.

५

खेळ संपला, असं मी जाहीर केलं. घरात माझा शब्द शेवटचा असतो, पण त्या दिवशी तो चालला नाही.

"राज्य अंगावर ठेवून कुणी उठतं का?" शिवानी म्हणाली.

"मी सांगते ना, फिटलं तुझं. तू कच्चा लिंबू."

हे म्हणायला नको होतं. कच्चा लिंबू म्हणजे बारकं पोर, ज्याला नुसतं खेळल्यासारखं करायला घेतात आणि ज्याच्यावर राज्य येत नाही. तिसरीतल्या पोरीला यापेक्षा मोठी शिवी नाही. तिनं माझ्याकडं बघणंच सोडलं. पॅसेजमधून सरकत सरकत हॉलमध्ये आली आणि पाठ भिंतीला लावून खाली बसली. तिथून हलेना.

भजी केली, ती खायला उठली नाही. मी ताट तिथं नेलं तर मान फिरवली. "राज्य फिटल्याशिवाय जेवायचं न्हाय." बाथरूमला जायचं म्हटलं तर, "भिंत सोडली की धप्पा बसतो." कोण देतं, विचारलं तर पाठ आणखी भिंतीत रुतवली. नंदीशनं गुदगुल्या करून बघितल्या, गाडीवर चक्कर मारायचं आमिष दाखवलं. एवढ्या पावसात गाडीवर चक्कर, म्हणजे बापही घाबरलाच होता.

फ्रॉक तेवढा बदलायला हवा होता. ओल्या कपड्यात बसली तर तापेल. मी तिला कुशीत घेऊन, तिची पाठ माझ्या हातानं झाकून, कसाबसा तो निळा फ्रॉक काढला. हात जरा बाजूला केला तेव्हा पाठ दिसली.

पाठीच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, तिची कातडी सुरकुतली होती. बराच वेळ पाण्यात राहिलेली बोटं होतात तशी. बाकी पाठ गुळगुळीत आणि गरम, आणि तेवढीच जागा थंडगार.

मी तिला कोरडा गाऊन घातला, निळा फ्रॉक बाथरूमच्या दोरीवर टाकला. मग मला मघाचा हात आठवला. मी नंदीशला स्वयंपाकघरात बोलावलं.

६

"सुटताना तुम्ही मध्ये हात दिला ना?"

"कधी?"

"पहिल्या वेळी. तुम्ही सुटलात, बादलीकडं गेलात, आणि परत येऊन हात दिलात."

नंदीश गॅसच्या ओट्याला टेकून उभा होता. "मी कुठं आलो परत? बादली ओतली, दारापाशी पोतं लावलं, हॉलमध्ये आलो तवर तुमचं झालतं. मला वाटलं अप्पांनी दिला."

आम्ही दोघं हॉलमध्ये गेलो. मामा खुर्चीत बसले होते, हातात थेंबाची बाटली. शिवानी त्यांच्या समोरच्या भिंतीशी.

"अप्पा, मघाशी तुम्ही आत पॅसेजमध्ये आला होता?"

"मला कोण उठवतंय?" मामा म्हणाले. "तुमी धरल्याबिगर म्या संडासला तरी जातो का?" मग मान आमच्याकडं वळवून, "का रं?"

मी सांगितलं. सांगताना ते फारच बारीक वाटत होतं: एक हात मध्ये आला, तो कुणाचा ते माहीत नाही. यावर एवढं काय घाबरायचं, असं मीच दुसऱ्या कुणाला म्हणाले असते.

मामांनी थेंबाची बाटली खाली ठेवली. ऑपरेशन झाल्यापासून ते दिवसभर कानावर जगत होते. कोण आलं, कोण गेलं, कुणाची चप्पल वाजली, सगळं न बघता सांगायचे.

"नंदीश बादलीकडं पळत माझ्या म्होरनं गेला," ते म्हणाले. "मग बाल्कनीचं दार वाजलं. मग त्यो हिकडं आला. ओल्या पायानं फचफच करत आत गेला. मग बाल्कनीत परत बादली आपटली. मला वाटलं, बादली बाल्कनीत अन् ह्यो आत कसा? म्हटलं जाऊ दे, कानबी म्हातारं झालं."

नंदीशनं माझ्याकडं बघितलं. मी शिवानीकडं बघितलं. तिनं हे सगळं ऐकलं होतं, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

७

"आपण कस्तुराबाईंकडं जाऊ," नंदीश म्हणाला. कस्तुराबाई आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. "हिला उचलून नेतो."

त्यानं तिला उचललं. भिंत सुटल्याबरोबर शिवानी किंचाळली, आणि मी तिच्या गाऊनची पाठ हिसका बसल्यासारखी हललेली बघितली. नंदीशनं तिला पुन्हा खाली ठेवलं. ती भिंतीला चिकटली. तिचे दात वाजत होते.

"साकु, पुरं," मामा कानडी मिसळून म्हणाले. "उचलून न्हेऊन काय हुतंय? राज्य तर तिच्याच अंगावर ऱ्हातंय की." त्यांनी तोंड शिवानीकडं वळवलं. "आमी खेळताना बारकं रडकुंडीला आलं की मोठ्या भैनीनं राज्य घ्यायचं. टाळी दिली की गेलं. टाळी घेणाऱ्यावर आलं. त्यात लबाडी न्हवती."

शिवानीनं वर बघितलं. "खरंच चालतं, अज्जा?"

"चालतं की. अंगावरचं राज्य टाळीनं जातं. सगळ्या गावात चालतं."

मी तिच्यासमोर बसले. मला त्या घटकेला तर्क आठवत नव्हता, फक्त तिचे वाजणारे दात ऐकू येत होते. मी हात पुढं केला.

"दे."

"तुला भीती वाटंल," ती म्हणाली.

"मला कशाची भीती? मला पोरं खडूस म्हणतात."

ती हसली नाही. तिनं माझ्या हातावर टाळी दिली. आणि मग, दुपारपासून पहिल्यांदा, भिंत सोडून उठली. दोन पावलं चालली, मान वळवून मागं बघितलं, आणि म्हणाली, "गेलं." तिच्या तोंडावर असं हसू आलं की मला रडू फुटेल असं वाटलं. नंदीशनं तिला खांद्यावर घेतलं, दुसऱ्या हातानं मामांना धरलं. दाराशी तो घुटमळला.

"तू पण चल की."

"माझ्यावर राज्य आहे," मी म्हणाले. "मला मोजायचंय. फिटवून येते."

दार बाहेरून ओढल्याचा आवाज झाला.

८

मी कॅलेंडरच्या भिंतीला कपाळ टेकवलं आणि मोजायला लागले. पाच, दहा, पंधरा. बाल्कनीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. बादलीत धार पडत होती. समोरच्या ब्लॉकमधून कस्तुराबाईंचं हसणं अंधुक ऐकू आलं आणि बरं वाटलं.

मोजून झालं. मी विचारलं, "येऊ का?"

"ये," लगेच उत्तर आलं. जवळून आलं, आणि घाईनं.

मी हॉल बघितला. पडदा हलवून बघितला. स्वयंपाकघरात ओट्याखालचं दार उघडलं, सिलिंडरमागं वाकले. हे करताना मला थोडं हसूही येत होतं, कारण बाहेरून कुणी बघितलं असतं तर एक बाई रिकाम्या घरात एकटीच लपाछपी खेळताना दिसली असती. बाथरूममध्ये गेले. दोरी रिकामी होती. निळा फ्रॉक तिथं नव्हता.

मग शिवानीची खोली राहिली.

कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत लपायला शिवानी उभी असते नेहमी. तिथं ते उभं होतं. माझ्याकडं पाठ करून, तोंड भिंतीकडं. अंगात निळा फ्रॉक, पाठीवर ओला डाग. केसांच्या, शिवानीसारख्या, दोन वेण्या घालायचा प्रयत्न केलेला, पण पेड चुकलेले आणि नको तिथं आवळलेले, जशी वेणी कशी घालतात हे नुसतं बघून कुणी घालावी. एक हात खाली सोडलेला. तो हात मी ओळखला.

फ्रॉक निळा, वेण्या दोन, सांदी तिची. माझ्या तोंडात नाव आलं. नाव घेऊन, जागा सांगून, इस्टॉप म्हणायचं, की संपलं.

"शि..." मी म्हणाले.

त्याचे खांदे वर झाले. पोरं धरली जाण्याआधी आनंदानं आखडतात, तसे. आणि तेव्हा मला कळलं की लपलेल्या पोराला सापडायचं नसतं. हे सापडायचीच वाट बघत होतं.

मी रोज फळ्यावर लिहिते की दोन गोष्टींना एकच नाव दिलं की त्या एकच धरायच्या. मी त्याला ते नाव दिलं असतं, तर समोरच्या ब्लॉकमध्ये नंदीशच्या मांडीवर बसली होती ती कोण ठरली असती? मी तोंड मिटलं. बारक्या पोरांशी खेळताना, ती डोळ्यांसमोर दिसत असूनही आपण म्हणतो तसं मी म्हणाले,

"कुठं गेलं बाई सगळं? दिसतच नाही कुणी."

आणि मी पाठ फिरवली. काय होणार ते माहीत होतं. खोलीच्या दारापर्यंत पोचेतो ते झालं. धप्पा बर्फासारखा होता, मी चौकटीला धरून उभी राहिले. राज्य माझ्यावर राहिलं. राहू दे, मी म्हणाले, मोठ्यानं म्हणाले. आयुष्यभर राहू दे.

९

संध्याकाळी पाऊस उतरला आणि लाइट आली. मी कस्तुराबाईंकडं जाऊन सगळ्यांना घरी आणलं. कुणी दिसलं का, नंदीशनं डोळ्यांनी विचारलं, मी मान हलवून नाही म्हटलं. पिठलं-भाकरी केली. शिवानीनं पोटभर खाल्लं, वर आणखी ठेचा मागितला. तिची पाठ मी दोनदा बघितली, ती पहिल्यासारखी झाली होती. माझ्या पाठीत गारठा होता, पण पोरीचं जेवण बघून मला इतकं बरं वाटलं की तो गारठाही चालला. निळा फ्रॉक कुठं आहे, हे मात्र मी कुणाला शोधू दिलं नाही.

जेवण झाल्यावर नंदीश टाकीची मोटर बघायला खाली गेला. मामा खुर्चीत, डोळ्यांत थेंब घालून मान मागं टाकून बसलेले. मी हॉलमध्ये उभ्या उभ्या दुपारी अर्धवट आवरलेले पत्ते गोळा करत होते. शिवानी माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आई, तुझं राज्य फिटलं?"

"हो."

"कुणाला धरलंस?"

"पप्पांना," मी म्हणाले.

"पप्पा तर आमच्याबरोबर होते."

मी पत्ते नीट लावत राहिले. शिवानी माझ्याकडं बघत होती. तिला खोटं चालत नाही, आणि खोटं पकडल्यावर ती ओरडतही नाही, नुसती बघत राहते.

"फिटलं नाही ना?" ती हळू म्हणाली. "ते माझं होतं. मला परत दे." आणि तिनं टाळीसाठी हात पुढं केला.

तो इवलासा हात बघून मी पत्ते टाकले आणि दोन्ही हात झटकन पाठीमागं नेले, तिच्या हाताला चुकूनही लागू नयेत म्हणून. माझी पाठ पॅसेजकडं होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मागं माझा उघडा तळहात, आधीच पुढं केलेल्या एका ओल्या तळहातावर जाऊन वाजला.

फार जोरात नाही. टाळी देतात तेवढाच. पाठीतला गारठा एकदम गेला. मी मोकळी झाले, हे मला दिवसभरात कळलं नव्हतं इतकं स्वच्छ कळलं, आणि त्याचा अर्थ काय तेही कळलं.

पॅसेजच्या टोकाकडून, भिंतीकडं तोंड करून बोलल्यावर येतो तसा आवाज आला. "पाच, दहा, पंधरा, वीस." तो शिवानीचा आवाज होता. शिवानी माझ्यासमोर ओठ मिटून उभी होती.

"आता कोण मोजतंय?" मामा डोळे मिटूनच म्हणाले. "पोर झोपली न्हाय व्हय?"

शिवानीनं माझा पदर धरला. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण नियम ती विसरली नव्हती. "आई," ती कुजबुजली, "आता त्याच्यावर राज्य. ते नाव घेऊन धरणार. आपल्याला लपाय पायजे."

मी तिचा हात घट्ट धरला आणि हॉलमधला दिवा बंद केला.